दोनशे ग्रॅमलाच बिघडणारी स्प्रिंग: बारावीच्या प्रयोगशाळेतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातलं कनिष्ठ महाविद्यालय. बारावी विज्ञानाच्या दोन तुकड्या आणि भौतिकशास्त्राची एकच प्रयोगशाळा. मी शेजारच्या तालुक्यात हाच विषय शिकवतो. या प्रकरणातल्या मॅडमनी त्यांची नोंदवही माझ्याकडे दिली, तीही नाव-गाव कुठे येणार नाही या अटीवर. म्हणून इथे फक्त 'मॅडम', त्यांचे वरिष्ठ सहकारी 'सर', आणि प्रयोगशाळा सांभाळणारे 'मामा'.

प्रयोग सगळ्यांच्या ओळखीचा. स्टँडला स्प्रिंग टांगायची, खाली हँगर, हँगरवर खाचेची वजनं. वजन थोडं खाली ओढून सोडायचं, २० दोलनांचा वेळ स्टॉपवॉचने घ्यायचा आणि २० ने भागून दोलनकाल काढायचा. हँगर धरून १००, १५०, २००, २५० आणि ३०० ग्रॅम अशी पाच रीडिंग. मग आडव्या अक्षावर वस्तुमान, उभ्या अक्षावर दोलनकालाचा वर्ग, आणि रेषेच्या चढावरून स्प्रिंगचा बल स्थिरांक, म्हणजे ती किती ताठ आहे याचं माप. ओढलेल्या अंतराच्या प्रमाणात स्प्रिंग उलट खेचते, हा रॉबर्ट हुक या शास्त्रज्ञाने १६७८ साली छापलेला नियम. त्यातूनच सरल आवर्त गती येते आणि तिचा दोलनकाल आयामावर, म्हणजे वजन किती ओढलं यावर, अवलंबून नसतो. कमी ओढा, जास्त ओढा, वेळ तीच. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हा प्रश्न हमखास येतो आणि मुलांना उत्तर पाठ असतं.

या प्रयोगशाळेतल्या स्प्रिंगा एकाच खरेदीतल्या, एकसारख्या. ५० ग्रॅम वाढवले की दर्शक २.५ सेंटिमीटर खाली येतो, म्हणजे बल स्थिरांक १९.६ न्यूटन प्रति मीटर. स्प्रिंगचं स्वतःचं वजन ३० ग्रॅम. स्प्रिंगही वजनाबरोबर हलते, पण तिचं वरचं टोक स्थिर आणि खालचं टोक वजनाच्या वेगाने, त्यामुळे तिच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश, म्हणजे १० ग्रॅम, टांगलेल्या वस्तुमानात धरायचा असतो. आलेखाची रेषा शून्यातून का जात नाही, याचं कारण हेच. बरेच विद्यार्थी ती ओढूनताणून शून्यातून नेतात, पण तो वेगळा विषय झाला.

अडचण

पाचांपैकी चार रीडिंग निमूटपणे येत. १०० ग्रॅमला २० दोलनांना ९.४ सेकंद, १५० ला ११.४, २५० ला १४.५, ३०० ला १५.८. गटागटांत एक-दोन दशांशाचा फरक, तेवढा माणसाच्या बोटाचा असतोच.

२०० ग्रॅमला मात्र एकाही गटाचं दुसऱ्याशी जुळेना. कुणाचे १३.४, कुणाचे १४.२, कुणी तीनदा घेऊन तीन वेगळे आकडे लिहिलेले. एका मुलीच्या वहीत तर चक्क २६.१. मुलांची तक्रार सगळीकडे एकच होती: "मॅडम, हे सरळ हलतच नाही. पहिल्यांदा वर-खाली जातं, मग बाजूला झोके घ्यायला लागतं."

मॅडमनी उभं राहून पाहिलं. वजन तीन सेंटिमीटर ओढून सोडलं. पहिली सात-आठ दोलनं अगदी नेमकी वर-खाली. दहाव्याच्या सुमारास वजनाची खालची कड डावी-उजवीकडे किंचित सरकू लागली. पंधराव्याला वर-खाली होणं निम्म्यावर आलं आणि झोका बोटभर झाला. विसाव्यापर्यंत स्प्रिंग जवळजवळ लांब-आखूड न होता, एका लांबीची, नुसती लंबकासारखी डोलत होती. पाच-पाच, सहा-सहा सेंटिमीटर दोन्हीकडे. तिथेच थांबून पाहत राहिलं तर आणखी काही सेकंदांनी झोका विरला आणि वर-खाली परत सुरू झालं. हात कुणी लावला नव्हता.

मोजणी कुठे कोलमडत होती हेही त्यांना दिसलं. मधल्या काळात वर-खाली हालचाल इतकी बारीक होते की कुठलं दोलन संपलं आणि कुठलं सुरू झालं हे डोळ्याला कळत नाही. मुलं अंदाजाने आकडे पुढे रेटत होती.

याच तुकडीत एका गटाचं २०० ग्रॅमचं रीडिंग मात्र सुरेख होतं: १३.० सेकंद, आलेखावर बिंदू रेषेवर ठेवल्यासारखा. विचारल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी बाकीच्या चार बिंदूंमधून रेषा काढली होती आणि मग रेषेवरून रीडिंग भरलं होतं. मला यात मुलांचा फार मोठा गुन्हा वाटत नाही. छापील जर्नलमध्ये पाच रकाने आहेत आणि पाचही भरल्याशिवाय सही होत नाही, हे त्यांना अकरावीपासून माहीत असतं.

समोर असलेले मार्ग

सरांचं मत सरळ होतं: २०० वगळा, त्याऐवजी १७५ घ्या, पुढे चला. प्रात्यक्षिक परीक्षा ३० गुणांची, तीत परीक्षक आलेख आणि चढ बघतो. कारण शोधत बसायला वेळ कुठे आहे? या म्हणण्यात तथ्य होतं. बोर्डाच्या परीक्षेला सहा आठवडे उरले होते आणि प्रकाशाचे दोन प्रयोग व्हायचे होते.

दुसरा मार्ग नव्या स्प्रिंगा मागवण्याचा. प्रयोगशाळेचा बराच माल अंबाल्याहून येतो. मागणी, मंजुरी, पार्सल यात सत्र संपतं. शिवाय स्प्रिंग बिघडली असती तर १०० आणि ३०० ला ती शहाण्यासारखी का वागली असती? तिन्ही स्टँडवरच्या तिन्ही स्प्रिंगा नेमक्या एकाच वजनाला बिघडतात, हे पटण्यासारखं नव्हतं.

तिसरा मार्ग जागेवर करण्यासारखा होता, म्हणून तो आधी झाला. क्लॅम्प आवळले, स्टँडच्या पायांखाली कागदाच्या घड्या घातल्या, पंखा बंद केला. मुलांना सांगितलं, वजन अगदी सरळ खाली ओढा आणि बोटं एकदम सोडा. फरक पडला, पण थोडाच. झोका दहाव्याऐवजी चौदाव्या दोलनाला दिसू लागला. नंतर सरांनी सुचवलं म्हणून वजनाभोवती तारेचं कडं बसवून पाहिलं, ते बाजूला जाऊ नये म्हणून. वजन कड्याला घासायला लागलं आणि वीस दोलनं पुरी होण्याआधीच थांबलं. त्यात एक दुपार गेली.

मॅडमच्या मनात आणखी एक शंका होती. लांबणारी स्प्रिंग थोडी पीळही घेते, आणि वर-खाली होण्याचा व गिरकी घेण्याचा काळ जुळला तर ऊर्जा या दोन हालचालींत ये-जा करते. विल्बरफोर्सचा लंबक म्हणून हे प्रात्यक्षिक प्रसिद्ध आहे. त्यांनी वजनाच्या कडेला खडूने एक खूण केली आणि पाहिलं. खूण आपल्या जागी समोरच राहिली, गिरकी नव्हतीच. दोन मिनिटांत शंका फिटली.

निर्णयाचा क्षण: २६.१

त्या मुलीच्या २६.१ ला मॅडमनी आधी लाल गोल केला होता आणि शेजारी 'मोजणी चुकली' असं लिहिलं होतं. वह्या परत देताना तो आकडा पुन्हा डोळ्यांसमोर आला. बाकीच्या चार रीडिंगांवरून २०० ग्रॅमला १३.० यायला हवे होते, हे त्या रेषा भरणाऱ्या गटाने नकळत काढूनच ठेवलं होतं. आणि हे २६.१. जवळजवळ बरोब्बर दुप्पट.

मुलीला विचारलं, तू मोजलंस काय? ती म्हणाली, "मॅडम, वर-खाली दिसेचना, म्हणून बाजूचे झोके मोजले. वीस झोके." तिने जे दिसलं ते मोजलं होतं. म्हणजे २०० ग्रॅमला वर-खाली होण्याचा काळ ०.६५ सेकंद आणि झोक्याचा काळ १.३० सेकंद. एका झोक्यात वजन नेमकं दोनदा वर-खाली होतं.

इथून पुढचा धागा मॅडमना लगेच दिसला, आणि तो समजून घेण्यासारखा आहे.

टांगलेली स्प्रिंग एकाच वेळी दोन दोलकं असते. लांबण्या-आखडण्याने ती स्प्रिंग, आणि आहे त्या लांबीने डोलली तर लंबक. पहिल्याचा काळ वस्तुमान आणि बल स्थिरांकावर ठरतो, दुसऱ्याचा लांबी आणि गुरुत्वावर. पुस्तकात दोन्ही वेगळ्या पानांवर असतात, आणि बहुतेक वेळा प्रत्यक्षातही एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण वजन थोडंसं बाजूला असताना त्याला मध्याकडे परत आणणारं बल कुठून येतं? स्प्रिंगच्या ताणातून. आणि ताण तर वर-खाली होण्याबरोबर सतत कमी-जास्त होतोय. वजन खाली असताना जास्त, वर असताना कमी. समजा वजन बाहेर जाताना ताण कमी असला आणि मध्याकडे परतताना जास्त असला, तर प्रत्येक फेरीला झोक्याला थोडी थोडी ऊर्जा मिळत राहते. एका झोक्यात वजन दोनदा बाहेर जातं आणि दोनदा परततं. म्हणून ताणाची लय झोक्याच्या दुप्पट असेल तेव्हाच हे जुळतं. नागपंचमीच्या झोक्यावर उभं राहून झोका चढवणाऱ्या मुली हेच करतात: टोकाला गुडघे वाकवायचे, मध्यावर उठायचं, एका झोक्यात दोनदा. कुणी ढकलत नाही, तरी झोका चढतो.

आणि ऊर्जा कुठून येते? वर-खाली हालचालीतून. ती आटत जाते, झोका भरत जातो, मग उलट. पूर्ण ऊर्जा झोक्यात गेली तर बाजूचा आयाम आधीच्या उभ्या आयामाच्या दुप्पट निघतो. तीन सेंटिमीटर ओढलेल्या वजनाने सहा सेंटिमीटर झोका घ्यायचा तो यामुळे.

हे काही नवीन नाही. सोव्हिएत संघात विट आणि गोरेलिक या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३३ साली नेमक्या अशाच स्प्रिंग-लंबकाचा अभ्यास केला होता, आणि तोही कार्बन डायऑक्साइडच्या रेणूसाठी. त्या रेणूत दोन्ही ऑक्सिजन एकाच वेळी बाहेर-आत होण्याची वारंवारता, रेणू वाकण्याच्या वारंवारतेच्या सुमारे दुप्पट असते, आणि त्यामुळे त्याच्या रामन वर्णपटात (रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात) एका रेषेऐवजी दोन दिसतात. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने १९३१ साली याचा उलगडा केला. वर्गात हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचे दोघे पहिल्यांदा पुढे येऊन बसले, असं मॅडमच्या वहीत आहे.

कृती: मोजमाप आणि दोऱ्याची चाचणी

कल्पना पटली तरी ती खरी आहे हे दाखवायचं कसं, हा पुढचा प्रश्न. मॅडमनी आधी सोपं काम केलं. प्रत्येक वजनासाठी दोन्ही काळ वेगवेगळे मोजून घेतले. झोक्याचा काळ घेताना वजन हलक्या हाताने फक्त बाजूला नेऊन सोडायचं, खाली ओढायचं नाही. झोक्याचा काळ भागिले वर-खालीचा काळ हे गुणोत्तर १०० ग्रॅमला सुमारे २.६ आलं, १५० ला २.२, २०० ला २.०, २५० ला १.८५, ३०० ला १.७५. पाचांमध्ये फक्त एकच नेमकं दोनवर.

कागदावर करायचं म्हटलं तर स्प्रिंगचं वजन सोडून दिल्यास नियम फार सोपा निघतो. वजनामुळे स्प्रिंग जेवढी लांबते ती लांबी, वजन नसतानाच्या लांबीच्या एक तृतीयांश झाली, की दोन्ही काळांचं प्रमाण दोनास एक होतं. बल स्थिरांक, गुरुत्व काहीही असो. नुसत्या पट्टीने कळतं. इथे हुकापासून वजनांच्या मध्यापर्यंत अंतर वजनाविना ३३ सेंटिमीटर आणि २०० ग्रॅमला वाढ १० सेंटिमीटर. एक तृतीयांश म्हणजे ११ व्हायला हवे होते. जो एक सेंटिमीटर कमी पडतो तो स्प्रिंगच्या स्वतःच्या ३० ग्रॅमचा परिणाम.

पण गुणोत्तर जुळलं म्हणून कारण तेच, असं सर मानायला तयार नव्हते. २०० ग्रॅमच्या चकत्यांतच काही खोट असेल, एखादी खाच वाकडी असेल, तर? शंका रास्त होती. मग वर-खालीचा काळ तसाच ठेवून फक्त झोक्याचा काळ बदलायचा, असं काहीतरी हवं होतं. स्प्रिंग बदलली की दोन्ही बदलतात. वजन बदललं तरी दोन्ही बदलतात.

मामांनी कपाटातून लंबकाच्या प्रयोगाचा दोरा काढला. "स्प्रिंगच्या खाली दोरा बांधा आणि त्याला हँगर अडकवा. लांबी वाढंल, स्प्रिंग तीच राहील."

याहून चांगली चाचणी सुचणं अवघड होतं. दोरा लांबत नाही, त्याला म्हणण्याजोगं वजन नाही; वर-खालीचा काळ होता तोच राहणार. लंबकाची लांबी मात्र वाढणार, झोका संथ होणार, आणि दोनास एकचा मुक्काम दुसऱ्या वजनावर सरकणार. मॅडमनी दोरा लावण्याआधी फळ्यावर हिशेब मांडला: २५० ग्रॅमला वर-खालीचा काळ ०.७२, तर झोक्याचा १.४५ व्हायला हवा, त्यासाठी लांबी साधारण ८ सेंटिमीटरने वाढवावी लागेल. आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: '८ सेंमी दोरा लावल्यावर २०० ग्रॅम सरळ हलेल, २५० ग्रॅम बिघडेल.' आधी लिहायचं आणि मग करायचं, यावर त्यांचा कटाक्ष होता. नंतर काहीही झालं तरी 'आम्हाला हेच म्हणायचं होतं' म्हणता येऊ नये.

एक धोका होता. वजन वर जाताना फार जोरात आलं तर दोरा सैल पडेल आणि सगळंच बिनसेल. तीन सेंटिमीटर ओढल्यावर सर्वांत जास्त त्वरण सुमारे २.८ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं, गुरुत्वाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. दोरा ताठच राहणार होता.

मामांनी गाठ मारली, पट्टीने मोजली, पुन्हा सोडून मारली. हुकापासून हुकापर्यंत आठ भरेपर्यंत त्यांनी ती तीनदा बदलली. मग २०० ग्रॅम. ओढलं, सोडलं. वीस दोलनं, १३.० सेकंद, वजन खांबासारखं सरळ. वर्गात कुजबुज. मग २५०, जे तोवर कधीच कुरकुरलं नव्हतं. दहा-बारा दोलनं सरळ, आणि मग वजनाची कड सरकू लागली.

सरांनी स्वतः पुढे येऊन पुन्हा करून पाहिलं. मग दोरा काढून पाहिलं. मग परत लावून.

निष्पत्ती

प्रश्न उरला होता तो परीक्षेचा. कारण कळलं, पण २०० ग्रॅमचं रीडिंग घ्यायचं कसं? इथे मॅडमनी जो मार्ग काढला तो मला या प्रकरणात सर्वांत उपयोगी वाटतो: वजन बदलायचं नाही, दोराही लावायचा नाही, फक्त कमी ओढायचं. एक सेंटिमीटर.

याचं गणित असं. झोका वाढतो तो व्याजावर व्याज चढावं तसा, प्रत्येक सेकंदाला आहे त्याच्या ठरावीक पटीने. ही पट उभ्या आयामाच्या प्रमाणात असते. या स्प्रिंगला तीन सेंटिमीटर ओढलं तर तेरा सेकंदांत बाजूची हालचाल अंदाजे पंचवीस पट होते; एक सेंटिमीटर ओढलं तर फक्त तिप्पट. सोडताना हाताने दोन मिलिमीटर बाजूला गेलेलं वजन पहिल्या बाबतीत पाच सेंटिमीटरचा झोका घेतं, दुसऱ्या बाबतीत सहा मिलिमीटरचा, जो मोजणीला आड येत नाही. आधी 'सरळ सोडा, नीट सोडा' म्हणून जी मेहनत घेतली ती का वाया गेली, तेही यातूनच कळतं. सोडतानाची चूक निम्मी केली तरी झोका फक्त चारेक दोलनं उशिरा येतो. ओढणं कमी करणं हा खरा उपाय होता, आणि तो सुचण्याच्या आड नेमकं ते पाठ केलेलं वाक्य येत होतं: दोलनकाल आयामावर अवलंबून नसतो. वाक्य खरंच आहे. पण मुलांनी, आणि काही अंशी शिक्षकांनीही, त्याचा अर्थ 'कितीही ओढलं तरी चालतं' असा घेतला होता. मोजायला सोपं जावं म्हणून तीन-चार सेंटिमीटर ओढायची सवय पडली होती.

एक सेंटिमीटरवर सगळ्या गटांची २०० ग्रॅमची रीडिंग १२.९ ते १३.२ मध्ये आली. आलेखाचा चढ २.०१ सेकंद वर्ग प्रति किलोग्रॅम, त्यावरून बल स्थिरांक १९.६, म्हणजे दर्शकाने मोजला होता तोच. रेषा मागे वाढवली तर ती वस्तुमानाच्या अक्षाला उणे १० ग्रॅमपाशी भेटत होती. स्प्रिंग तराजूवर ३० ग्रॅम. हा एक तृतीयांश यापूर्वी या प्रयोगशाळेत कुणाच्या आलेखावर इतका स्वच्छ दिसला नव्हता, कारण मधला बिंदू रेषेला नेहमी वर खेचत असे.

रेषेवरून रीडिंग भरणाऱ्या गटाचं काय करायचं, यावर शिक्षकांच्या खोलीत चर्चा झाली. सरांच्या मते गुण कापायला हवेत. मॅडमनी प्रयोग पुन्हा करायला लावला, जुनं पान फाडू दिलं नाही, त्यावर तिरपी रेघ मारून शेजारी नवं लिहायला सांगितलं. २६.१ चा लाल गोल त्यांनी स्वतः खोडला आणि त्या मुलीच्या जर्नलमध्ये त्याचा वेगळा तक्ता करायला लावला.

वेगळं काय करता आलं असतं

मॅडमनी नंतर कपाटातली मागच्या वर्षांची जर्नलं काढून चाळली. २०० ग्रॅमचा बिंदू जवळपास सगळीकडे रेषेच्या वर, नाहीतर संशय यावा इतका रेषेवर. म्हणजे पुरावा वर्षानुवर्षं कपाटात पडून होता. एकेका मुलाचा आलेख तपासताना तो दिसत नाही. दहा आलेख एकावर एक ठेवले तरच दिसतो. रीडिंग घेतानाच सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एका तक्त्यात लिहायची पद्धत असती, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं की चार स्तंभ शांत आहेत आणि एकच स्तंभ अस्वस्थ. आता तसं लिहितात.

कड्याच्या प्रयोगात गेलेली दुपार टाळता आली असती का? माझ्या मते हो. झोका ही बाहेरून आलेली गडबड आहे असं गृहीत धरून तिला अडवायचा तो प्रयत्न होता. त्याआधी पाच मिनिटं नुसतं बघत बसलं असतं, तर झोका विरून वर-खाली परत येतं याचा अर्थ लक्षात आला असता, कारण हवेच्या झुळकेने किंवा सैल क्लॅम्पने गेलेली ऊर्जा अशी परत येत नसते. पण प्रात्यक्षिकाच्या तासाला वीस मुलं भोवती असताना पाच मिनिटं बघत बसणं बोलायला सोपं आहे.

सरांचा '२०० वगळा' हा सल्ला मला चुकीचा वाटत नाही. परीक्षेच्या दृष्टीने तो पुरेसा होता, आणि १७५ ग्रॅमला कमी ओढलं असतं तर बहुधा अडचण आली नसती. त्यात खोट एवढीच की वगळण्याचं कारण माहीत नसताना वगळलं असतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या लांबीच्या स्प्रिंगा आल्या असत्या तर वेगळंच वजन बिघडलं असतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली असती.

आता प्रत्येक स्प्रिंगच्या वरच्या हुकाला मामांनी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली आहे. तीवर स्प्रिंगचं वजन, वजनाविना लांबी, आणि 'दीड सेंमीपेक्षा जास्त ओढू नये'. दीड यासाठी की जास्त ओढलं की बिघडणाऱ्या वजनांचा पट्टाही रुंदावतो. पाच सेंटिमीटर ओढल्यावर याच स्प्रिंगवर २५० ग्रॅमही दोऱ्याविना झोके घेऊ लागलं, हे एका मुलाने मुद्दाम करून दाखवलं.

एका गोष्टीवर मॅडम आणि सर यांचं अजून एकमत नाही. बिघडणारं वजन चिठ्ठीवर लिहावं असं सर म्हणतात, म्हणजे तास वाचतो. मॅडम म्हणतात, लांबी लिहिली आहे, पट्टी हातात आहे, एक तृतीयांशचा नियम फळ्यावर आहे. कुठलं वजन त्रास देणार ते मुलांनी आधी काढावं आणि मग टांगावं. सध्या दोन तुकड्यांना दोन पद्धती चालू आहेत, आणि मामांकडे दोन रंगांच्या चिठ्ठ्या.